पडद्यासमोर हॉलभर जज

बॉक्सिंगची फाइट एकट्याने बघणं आणि घोळक्यात मोठ्या पडद्यावर बघणं हे दोन वेगळे खेळ आहेत असं माझं आता ठाम मत झालंय. मोबाईलवर एकटे बघत असलो की आपण ठोसे बघतो, मागेपुढे करतो, कंटाळा आला की पुढे पळवतो. पण लाइव्ह असेल, पडदा भिंतीएवढा असेल आणि हॉल माणसांनी भरलेला असेल तर डोळ्यांइतकंच काम कानांना लागतं. कोण ओरडलं, कधी ओरडलं, कोणाच्या बाजूने ओरडलं... आणि मग राउंड संपल्यावर "हा कोणाचा?" असं विचारलं की जो तो ऐकलेलं सांगतो आणि समजतो की आपण बघितलेलं सांगतोय.

हे डोक्यात घुसलं ते युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक आणि ब्रिटनचा टायसन फ्युरी यांच्या पहिल्या फाइटला. १८ मे २०२४, रियाधचं किंगडम अरेना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, हेवीवेटचे चार मोठे पट्टे असतात, म्हणजे चार संघटनांचे जगज्जेतेपदाचे बेल्ट, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ, आणि हे चारही एकाच माणसाकडे कधीच आले नव्हते. त्याआधी निर्विवाद हेवीवेट चॅम्पियन म्हणावा असा शेवटचा माणूस म्हणजे लेनॉक्स लुईस, १९९९ साली, तेव्हा तीन पट्टे धरले जायचे. म्हणजे पंचवीस वर्षं लोक वाट बघत होते. फाइट खरं तर फेब्रुवारीत होती पण फ्युरीला सरावात डोळ्यावर खोक पडली आणि ती पुढे गेली. दोघंही तोपर्यंत एकदाही न हरलेले. फ्युरी ६ फूट ९ इंच, उसिक ६ फूट ३ इंच, वजनात ४० पाउंडांच्या आसपास फरक. कागदावर बघितलं तर मोठा माणूस लहान माणसाला चिरडणार असंच वाटावं.

आम्ही बघायला जमलो ते एका ओळखीच्या दादाच्या जिममध्ये. दादा स्वतः अमॅच्युअर खेळलेला, आता पोरांना शिकवतो. पंचिंग बॅगा कडेला सरकवून, भिंतीवर पांढरा पडदा ताणून, प्रोजेक्टर एका स्टुलावर आणि स्टूल दुसऱ्या स्टुलावर अशी सगळी सर्कस. लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली की आवाज प्रोजेक्टरच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधूनच येणार, स्पीकरची वायर वेगळी लावायची, ती लावली की चित्र जाणार, हे नेहमीचं. शिवाय ज्याचा लॅपटॉप होता त्याचे मेसेज भिंतीएवढ्या अक्षरात झळकत होते आणि त्यातला एक त्याच्या बॉसबद्दल होता. असो.

मेन इव्हेंट नेमका कधी सुरू होणार हे कोणीच सांगू शकत नाही. आधीच्या फाइट नॉकआउटने लवकर संपल्या तर मधे नुसतं गाणं-बजावणं, लांबल्या तर सगळंच लांबतं. त्यामुळे लोक उठतात, पाय मोकळे करायला जातात, आणि दादा दर वेळी माइक टायसन आणि मायकेल स्पिंक्सच्या फाइटची गोष्ट सांगतो. २७ जून १९८८, अख्खी फाइट ९१ सेकंदांत खलास. जो बाहेर गेला त्याला परत आल्यावर रिकामी रिंगच दिसली असणार.

सुरुवातीला हॉल अर्ध्याहून जास्त फ्युरीच्या बाजूने होता. त्याचं कारण सोपं आहे, तो माणूस नाटक्या आहे. पहिल्याच राउंडला हात मागे काय नेतो, नाचतो काय, कॉर्नरमध्ये टेकून चेष्टा काय करतो, आणि प्रत्येक चेष्टेला हॉलमध्ये हशा. आता हशा म्हणजे काही पॉइंट नाही. त्याच वेळी उसिक खाली वाकून शांतपणे पोटावर मारत होता, पण पोटावरचा ठोसा बघून हॉल उसळत नाही. तोंडावर बसलेला ठोसा डोकं मागे फेकतो, घाम उडतो, स्लो मोशनमध्ये छान दिसतो. पोटावरच्याचं बिल काही राउंडांनंतर येतं आणि तोवर सगळे विसरलेले असतात.

दादाने सगळ्यांना एकेक कागद दिला होता, बारा ओळी आखलेला. प्रत्येक राउंडनंतर आपापलं लिहायचं, शेजाऱ्याचं बघायचं नाही, आणि आधीचं खोडायचं नाही. नियम सोपा, राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा खाली पाडलं तर साधारण १०-८. बस. रिंगच्या तीन बाजूंना तीन जज बसलेले असतात आणि तेही हेच करतात, दर राउंडला कागद देऊन टाकायचा, मागे वळून बेरीज करत बसायचं नाही. पण त्यांना रिप्ले नसतो, कॉमेंट्री नसते, आणि दोन धिप्पाड माणसांपैकी एकाची पाठ मधे आली की पलीकडचा ठोसा बसला की हातावर अडला हे अंदाजानेच.

यावरून दादाने लुईस-होलीफील्डच्या पहिल्या फाइटचा किस्सा काढला. मार्च १९९९, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, घरी बसून बघणाऱ्या जवळपास सगळ्यांना लुईस जिंकलेला दिसला आणि निकाल आला बरोबरीचा. एका जजने ११५-११३ होलीफील्डला दिलं होतं. पाचव्या राउंडमध्ये लुईसने त्याला चांगलाच बडवला होता तरी तोसुद्धा होलीफील्डलाच. त्या जजबाईंनी नंतर सांगितलं की फोटोग्राफर आडवे येत होते, आणि टीव्हीवर तो राउंड परत बघितल्यावर वेगळा दिसला. लोक त्यांच्यावर तुटून पडले. मला मात्र हे खरंच वाटतं की जवळ बसलं म्हणजे जास्त दिसतंच असं काही नाही. आमच्या हॉलमध्येही खांबामागे बसलेल्याचं कार्ड सगळ्यात आत्मविश्वासाने भरलेलं होतं.

तिसऱ्या राउंडच्या आधी दादा उठला आणि त्याने आवाजच बंद केला. "दोन राउंड कान बंद ठेवा," म्हणाला. लगेच अर्धा हॉल बोंबलला, अरे पैसे भरून मुकी फाइट बघायची का, वगैरे. पण केलं त्याने. आणि काय सांगू, दोन राउंड हॉलमध्ये नुसती प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. कॉमेंट्री करणारा ज्याचं नाव घेतो तिकडे आपले डोळे जातात हे तोपर्यंत मला कळलंच नव्हतं. नाव घेणारं कोणी नाही म्हटल्यावर मी पाय बघायला लागलो, कारण दादा कायम पायांबद्दलच बोलतो.

पाय म्हणजे असं, की उसिक डावखुरा, साउथपॉ, त्याचा उजवा पाय पुढे. फ्युरी त्या रात्री बहुतेक वेळ नेहमीच्या स्टान्समध्ये, डावा पाय पुढे. मग दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, एकमेकांवर पडायच्या बेतात असतात, आणि ज्याचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला राहतो त्याच्या मागच्या हाताला समोरच्याच्या तोंडापर्यंत सरळ रस्ता मिळतो. उसिक सतत तो पाय बाहेर टाकायला बघत होता, इंच इंच सरकत. मोबाईलवर हे दिसत नाही, कारण छोट्या स्क्रीनवर डोळा आपोआप तोंडांकडेच जातो. भिंतीवर मात्र दोन जोड बूट जवळजवळ खऱ्या मापाचे. एकदा उसिकने पाय टाकला, फ्युरीने ओढून घेतला, परत टाकला, परत ओढला, असं चार-पाच वेळा, एकही ठोसा नाही, आणि मी श्वास रोखून बघतोय. शेजारचा म्हणे, "काहीच होत नाहीये राव."

गंमत म्हणजे त्या मुक्या राउंडांच्या कार्डांवर सगळ्यात जास्त मतभेद निघाले. आवाज असताना हॉल बऱ्यापैकी एकमताने जात होता. आवाज गेला आणि प्रत्येक जण आपापला सुटला.

पाचव्याला आवाज परत चालू झाला आणि तिथून फ्युरीचाच खेळ. सहाव्यात त्याचा एक अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला ठोसा, असा बसला की उसिक हलला, स्पष्ट हलला, आणि हॉलमध्ये खुर्च्या मागे पडल्या. सातव्यापर्यंत बहुतेकांच्या कागदावर फ्युरी पुढे. एकाने तर कागद दुमडून खिशात घातला, झालं म्हणे. माझ्या बाजूला मित्राची ताई बसली होती, तिने आयुष्यात पहिल्यांदा बॉक्सिंग बघितलेलं, आणि ती मधल्या त्या एका मिनिटात जास्त रमलेली. तिला ठोशांपेक्षा कॉर्नर आवडला. बरोबरच आहे, तिथे खरा सिनेमा असतो. स्टूल टाकलं, माणूस बसला, एक जण गालावर थंड लोखंडाचा तुकडा दाबतोय म्हणजे सूज उतरावी, कटमॅन कापसाची काडी जखमेत खुपसून ॲड्रेनालिनने रक्त थांबवतोय, तिसरा पाणी देतोय, आणि मुख्य कोच तोंडाजवळ तोंड नेऊन तीनच वाक्यं सांगतोय. चौथं सांगितलं तर डोक्यात राहणारच नाही. ताई म्हणाली, "तो कोच रागावलाय की घाबरलाय?" मी पडद्याकडे परत बघितलं आणि मलाही सांगता येईना.

आठव्यापासून वारं फिरलं, फ्युरीचं नाक लाल झालं. आणि मग नववा.

आता इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. इंटरनेटवरचं लाइव्ह हे खरं लाइव्ह नसतं. कॅमेऱ्यातून चित्र निघालं की ते दाबून लहान करायचं, तुकडे करायचे, सर्व्हरवर टाकायचं, आपल्याकडे ते तुकडे थोडे साठवून मग दाखवायचे, यात अर्धा मिनिट मागे पडणं अगदी नेहमीचं. मेसेज मात्र लगेच येतो. म्हणून दादाने आधीच फर्मान काढलं होतं की फोन बॅगेत. सगळ्यांनी टाकले, एका पोराने सोडून.

नवव्या राउंडच्या मधे पडद्यावर दोघं व्यवस्थित उभे, काही विशेष नाही, आणि मागून तो पोरगा एकदम ओरडला, "गेला! गेला!"

सगळा हॉल त्याच्याकडे वळला. त्याने फोन लपवला. दादाने त्याच्याकडे असं बघितलं की पुढच्या आठवड्यात बिचाऱ्याकडून दोरीवरच्या उड्यांचा हिशोब चुकता होणार हे पक्कं. पण कोण गेला ते त्याने सांगितलं नव्हतं! मग पुढची काही सेकंदं जी झाली तशी मी कुठल्याच फाइटला अनुभवली नाहीत. कोणीतरी पडणार हे सगळ्यांना माहीत, कोण ते माहीत नाही, कोणता ठोसा ते माहीत नाही. ओरडायला काही नव्हतंच त्यामुळे सगळे गप्प, आणि गप्प असल्यामुळे सगळे बघत होते. खरं बघत होते.

उसिकचा डावा हात बसला आणि फ्युरीचे पाय गेले. तो पडला नाही, तो रिंगभर लडखडला, दोरांवर आपटला, उसिक मागोमाग जाऊन मारतोय, हा परत दुसऱ्या बाजूच्या दोरांवर, एवढं मोठं शरीर दोरांनी धरून ठेवल्यासारखं. आणि रेफरी मार्क नेल्सन मधे घुसला आणि आकडे मोजायला लागला, खाली पडलेल्या बॉक्सरला मोजतात तसे.

हॉलमध्ये कल्लोळ. त्यात ताई माझा दंड हलवत विचारतेय, "अहो तो पडलाच नाही ना, मग मोजतायत कशाला?" इतका बरोबर प्रश्न मी बॉक्सिंग बघणाऱ्या जुन्या खोडांकडूनही ऐकला नव्हता. नियम असा आहे की मार खाल्ल्यावर माणूस केवळ दोरांमुळे उभा राहिला असेल, दोर नसते तर खाली गेला असता, तर तो नॉकडाउनच धरायचा आणि काउंट द्यायचा. म्हणजे राउंड १०-८. पण यात एक तिढा आहे, मोजायला लागलं की मारणाऱ्याला थांबावं लागतं आणि मार खाणाऱ्याला श्वास मिळतो. काउंट संपला आणि लगेचच घंटा झाली. दादाचं म्हणणं की रेफरीने फ्युरीला वाचवलं. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, वाचवलं कसं, उसिकला फुकटचा एक पॉइंट दिला. दोघंही बरोबर, आणि हे नंतर हिशोब केल्यावर लक्षात आलं.

उरलेले तीन राउंड मला खरं तर नीट आठवत नाहीत, कारण हॉलमध्ये पाच ठिकाणी पाच भांडणं चालू होती.

निकाल स्प्लिट, म्हणजे तिन्ही जजचं एकमत नाही. एका जजचं ११५-११२ उसिक, दुसऱ्याचं ११४-११३ उसिक, तिसऱ्याचं ११४-११३ फ्युरी. फ्युरीला आपणच जिंकलो असं वाटत होतं आणि तो तसं बोललाही, आमच्याकडेही तसे बरेच होते. मग एकाने फळ्यावर हिशोब मांडला. ११५-११२ म्हणजे उसिकला ७ राउंड आणि फ्युरीला ५. ११४-११३ म्हणजे ६-६, आणि फरक फक्त नवव्यातल्या त्या जादा पॉइंटचा. तिसऱ्या कार्डावर फ्युरीला ७. आता समजा रेफरीने मोजलंच नसतं आणि नववा साधा १०-९ गेला असता, तर कार्डं झाली असती ११५-११३ उसिक, ११४-११४, आणि ११५-११३ फ्युरी. म्हणजे बरोबरी! पंचवीस वर्षं थांबून, दोन तगडी माणसं बारा राउंड झुंजून, आणि शेवटी पट्टे ज्याचे त्याच्याकडे. ते सगळं रेफरीच्या एका पावलावर अडकलेलं होतं. अर्थात मोजलं नसतं तर उसिकने त्याला तिथेच झोपवला असता असंही म्हणता येतं. म्हणा काय म्हणायचं ते.

कोणीतरी ठोशांची आकडेवारी काढली, उसिकचे ४०७ पैकी १७० बसले, फ्युरीचे ४९६ पैकी १५७. लोकांना वाटतं हे मशीन मोजतं. तसं काही नाही, ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स कंपनीची दोन माणसं बसतात, प्रत्येकाने एकेका बॉक्सरकडे बघायचं आणि ठोशाला बटण दाबायचं. म्हणजे तेही आपल्यासारखेच डोळे, फक्त ओरडायची परवानगी नाही.

आमची कार्डं दादाने गोळा केली. जे सर्वात जास्त बोंबलत होते त्यांच्या कार्डांत आणि हॉलच्या आवाजात काही फरकच नव्हता, हॉल ज्याच्यासाठी उसळला तो राउंड त्याला. ताईने काही राउंडांसमोर नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. दादाला ते कार्ड सगळ्यात आवडलं, पण नियमात बसत नाही म्हणाला, जजला प्रश्नचिन्ह टाकता येत नाही, आणि १०-१० सुद्धा शक्यतो देऊ नका असंच सांगतात.

मोठ्या पडद्यावर फाइट बघायला लोक जमणं काही इंटरनेटने आणलेलं नाही. ८ मार्च १९७१ ला मुहम्मद अली आणि जो फ्रेझरची पहिली फाइट अमेरिकेत घरच्या टीव्हीवर नव्हतीच, क्लोज्ड सर्किटने, म्हणजे ठरलेल्या ठिकाणीच पोचणाऱ्या प्रक्षेपणाने, थिएटरांत आणि मोठ्या हॉलांत दाखवली, तिकीट काढून लोक पडद्यासमोर बसले. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले, तेव्हाच्या मानाने अचाट रक्कम, आणि तो पैसा मुख्यतः या पडद्यांचा. पंधराव्या राउंडमध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकने अली पाठीवर पडला आणि लगेच उठलाही. तिथल्या लोकांना मागे करून बघायची सोय नव्हती, शेजाऱ्यालाच विचारायचं, काय झालं रे, आणि तो सांगेल ते खरं. त्या थिएटरांत त्या रात्री किती वेगवेगळ्या फाइट बघितल्या गेल्या असतील काय माहीत.

उसिक-फ्युरी दुसरी फाइट २१ डिसेंबर २०२४ ला झाली, तीही रियाधलाच. आम्ही परत जमलो, फोन या वेळी दादाने स्वतः कुलपात ठेवले. तिन्ही जजनी ११६-११२ उसिकला दिलं आणि भांडायला काही उरलंच नाही, जरा निराशाच झाली. पण त्या फाइटला प्रयोग म्हणून एक एआय जजही बसवला होता, निकालात न धरलेला. त्याने दिलं ११८-११२ उसिक. दादा खूश, म्हणे बघा, कान नसलेला जज. मग ताईने कागदावर बेरीज केली. बारा राउंड १०-९ ने गेले तर दोघांची मिळून बेरीज २२८ यायला हवी, ही आली २३०. नॉकडाउन झालं नव्हतं आणि पॉइंटही कापले नव्हते, म्हणजे त्या एआयने कुठले तरी दोन राउंड सरळ १०-१० देऊन टाकले होते. "माझं प्रश्नचिन्ह चालत नाही, आणि त्याचं चालतं होय?" असं ती दादाला म्हणाली, आणि त्यावर आमच्या ग्रुपवर अजूनही भांडण चालू आहे.